मागे कोण बसणार?

गेल्या मे महिन्यात मी स्टुटगार्टला गेलो, तो खरे सांगायचे तर वकिली करायला. अक्काची वकिली. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, गेली सात वर्षे तिथे गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. त्याने एकदा फोनवर सहज सांगितले, की साठवलेल्या पैशांतून टप उघडणारी स्पोर्ट्स कार घेतोय, जुनीच, पण चांगल्यातली. अक्काने शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, ‘‘मागे कोण बसणार?’’

‘‘आई, मागे सीटच नसते. दोघांचीच गाडी असते ती.’’

झाले! दोन सीटची गाडी घेणारा मुलगा काही बेळगावला परत येत नाही, हे त्या दिवशी अक्काच्या मनाने घेतले. उद्यमबागेत दाजींचे वर्कशॉप आहे. तीन लेथ, एक मिलिंग मशीन, सहा माणसे. दाजी सत्तरीला टेकले. वर्कशॉप चालवायचे की विकायचे, हा विषय त्या घरात दोन वर्षे रोज जेवताना निघतो आणि ताटाबरोबरच उचलला जातो. ‘‘तू अर्थशास्त्र शिकवतोस ना? मग त्याला हिशेब समजावून सांग,’’ असे बजावून अक्काने माझ्या बॅगेत कुंद्याचे दोन डबे कोंबले.

भाच्याने कुंदा ठेवून घेतला आणि म्हणाला, ‘‘मामा, तू आधी गाडीत बस. मग बोल.’’

त्याच्या डोक्यात तीन गाड्या होत्या. पोर्शेची बॉक्सस्टर, बीएमडब्ल्यूची झेड-फोर आणि मर्सिडीजची एसएलके. तिन्ही साधारण २०१२ ते २०१५ मधल्या, तिन्ही आता जुन्या बाजारातच मिळतात. मर्सिडीज शेजारच्या आजोबांची, बीएमडब्ल्यू ऑफिसातल्या एका मित्राची, बॉक्सस्टर भाड्याने आणलेली. तीन रविवार आणि रस्ता एकच : बाडेन-बाडेनहून काळ्या जंगलातून फ्रॉयडनश्टाटकडे जाणारा बी-५००. हा साठेक किलोमीटरचा डोंगरी रस्ता तिकडे गाडीवेड्यांत प्रसिद्ध आहे. आपल्या चोर्ला घाटाची आठवण व्हावी अशी वळणे, फक्त खड्डे नाहीत आणि समोरून ट्रकही येत नाही. वेगमर्यादेच्या पाट्या मात्र जागोजागी, आणि तिथे त्या पाळतात.

माझी परीक्षकाची पात्रता तेवढी सांगून टाकतो. मी वॅगन-आर चालवतो. चोर्ला घाटात दुसऱ्याच्या गाडीत बसलो, की मला सातव्या-आठव्या वळणाला हमखास मळमळते. भाचा म्हणाला, ‘‘मग तूच माझे मीटर.’’

पहिला रविवार मर्सिडीजचा. एसएलके १९९६ साली आली, ती पत्र्याचे छत घडी घालून डिकीत गडप करण्याच्या युक्तीसाठी गाजली. (ही युक्ती प्यूजोने १९३०च्या दशकातच केली होती, पण श्रेय नेहमी नंतरच्यालाच!) बटण दाबले, की वीसेक सेकंदांत छत मागे जाऊन पडते. त्यानंतर ३३५ लिटरच्या डिकीत २२५ लिटर उरतात. मानेच्या मागून गरम हवा सोडणारी एक सोय आहे, तिला शंभर मार्क. डोंगरावर मे महिन्यातही गारठा होता आणि माझी मान मजेत होती. इंजिन साडेतीन लिटरचे, सहा सिलिंडरचे, ३०६ अश्वशक्तीचे. पण ही गाडी घाई करत नाही. वळणावर जरा कलते, मग सावरते. आजोबांची गाडी आजोबांसारखीच होती. मळमळ थोडी झाली, कॉफीने गेली.

दुसरी झेड-फोर. तीन लिटर, सरळ रांगेत सहा सिलिंडर, दोन टर्बो, हीसुद्धा ३०६ अश्वशक्तीची. ऑटोबानवर जिथे मर्यादा नाही तिथे त्याने एकदाच पाय दाबला आणि माझा चष्मा नाकावरून वर सरकला. कागदावर ही तिघींत वेगवान. शून्यापासून शंभरपर्यंत ५.२ सेकंद. एसएलके ५.६ आणि बॉक्सस्टर ५.८. कमी फेऱ्यांवरही ताकद तयार, गिअर बदलायची आठवण होत नाही. बॉनेट मात्र एवढे लांब, की आपण होडीच्या मागच्या टोकाला बसून नाक कुठे जाते ते बघतोय असे वाटते. घाटात ते नाक आधी वळते आणि आपण मागून पोचतो. टायर पंक्चर झाले तरी चालणारे, म्हणून कडेला जाडजूड. रस्त्यातला बारीकसा सांधाही कमरेला कळतो. नवव्या वळणाला मी गाडी थांबवायला सांगितली. भाच्याने वहीत काहीतरी लिहिले.

तिसऱ्या रविवारी बॉक्सस्टर. २.७ लिटर, २६५ अश्वशक्ती. म्हणजे तिघींत ताकदीने गरीब. मी मनात म्हटले, आता अक्काचे काम सोपे झाले.

पहिल्या चार वळणांतच माझा अंदाज चुकला. गाडी कलतच नाही. स्टिअरिंग फिरले, की गाडी फिरलेली असते, मध्ये उसंत नाही. कारण भाच्याने सांगितले आणि ते अर्थशास्त्रवाल्यालाही समजले. सगळ्यात जड वस्तू इंजिन. ते या गाडीत पुढे नाही, अगदी मागेही नाही. सीटच्या पाठीमागे, दोन्ही आसांच्या मध्ये आहे. खांद्यावर लांब शिडी घेऊन वळून बघा आणि तेवढ्याच वजनाचे पोते पोटाशी धरून वळून बघा. शिवाय यातले सिलिंडर उभे नाहीत, दोन्ही बाजूंना आडवे झोपवलेले. पिस्टन मुष्टियोद्ध्यासारखे समोरासमोर हलतात म्हणून बॉक्सर, आणि उघडी गाडी म्हणून रोडस्टर. दोन्ही मिळून बॉक्सस्टर. वजन खाली राहते. छत कापडी असल्याने तेही हलके, नऊ सेकंदांत उघडते. ही गाडी तेराशे किलोच्या आसपास, बाकीच्या दोघी पंधराशेच्या. पुढे १५० लिटरची डिकी, मागे १३० लिटरची, आणि छत उघडले तरी दोन्ही तशाच.

अशा गाडीची दुसरी बाजूही त्याने सांगितली. जी चटकन वळते ती घसरली तर चटकनच फिरते; पावसात हौस करायची नाही. हिचे स्टिअरिंग विजेवर चालते आणि आधीच्या पिढीइतके हाताशी बोलत नाही, अशी जुन्या शौकिनांची तक्रार आहे. सुरुवातीच्या काही वर्षांच्या इंजिनांत मधल्या शाफ्टच्या बेअरिंगचा दोष होता. २००९च्या नव्या इंजिनात तो शाफ्टच काढला. म्हणून फार जुनी घ्यायची नाही. आणि २०१६ नंतरच्या मॉडेलमध्ये चार सिलिंडरचे टर्बो आले, ताकद वाढली पण आवाज हरवला, असे तो म्हणाला. म्हणून ही मधलीच.

आवाजाचे मी सांगतो. सात हजार फेऱ्यांच्या पुढे ते इंजिन कानामागे जे काही करते, त्याला माझ्या एम.ए.मध्ये शब्द नाही. बाविसावे वळण गेल्यावर मला आठवले, की मला मळमळायचे होते.

बॉक्सस्टरची एक गोष्ट मी वर्गात सांगतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला पोर्शे कंपनी बुडायच्या बेतात होती. टोयोटात काम केलेले जपानी सल्लागार आणले गेले, त्यांनी जर्मन कारागिरांना त्यांच्याच कारखान्यात शिस्त शिकवली. १९९३ला डेट्रॉईटमध्ये नमुना दाखवला, १९९६ला गाडी विक्रीला आली. पुढचा बराचसा भाग नव्या ९११शी सामाईक ठेवून खर्च वाचवला. कंपनी तरली. मी हे उत्पादन खर्चाचे उदाहरण म्हणून वर्षानुवर्षे सांगत आलो, गाडीत मात्र त्या दिवशी पहिल्यांदा बसलो.

मुमेलझे नावाच्या तळ्याकाठी चेरीचा केक खाताना मी शेवटी वकिली सुरू केली. विमा, टायर, सर्व्हिसिंग, तेवढ्यात टिळकवाडीत फ्लॅटची पहिली रक्कम. त्याने सगळे ऐकले.

‘‘मामा, ही गाडी नाही घेतली तर मी परत येणार आहे का?’’

मी केककडे बघितले.

‘‘वर्कशॉपचे मी बाबांशीच बोलीन. कळते मला. पण आईला ते बोलता येत नाही म्हणून ती गाडीवर बोलते. बोलू दे तिला.’’

त्याने बॉक्सस्टरच घ्यायची ठरवले होते. संध्याकाळी मी अक्काला फोन लावला आणि केस हरल्याचे सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘दोघंच बसतात ना? मग मी आले की यांना घरी ठेवून मी बसेन.’’ येणार असल्याचे तिने पहिल्यांदाच म्हटले. आणि तेवढ्यात दाजींनी फोन हातात घेतला.

‘‘इंजिन मध्ये आहे म्हणे?’’

‘‘हो दाजी, सीटच्या मागे.’’

‘‘मग उघडतात कुठून?’’

मी भाच्याकडे फोन दिला. वरून उघडून काही दिसत नाही, तेल आणि पाणी मागच्या डिकीतून घालायचे, बाकी सगळे काम गाडी उचलून खालून, असे तो सांगू लागला. दाजींनी पुढचे विचारले, मग त्याच्या पुढचे. सिलिंडरची वीण कशी, ब्लॉक कशाचा, बोअर किती. पाऊण तास झाला. मी आत जाऊन कुंद्याचा दुसरा डबा उघडला.