ती घरीच तर आहे!

मैत्रिणींनो, आमच्या नेरमध्ये डी.एड. होऊन बसलेली मुलगी शोधायला लांब जावं लागत नाही. 2012 मध्ये राज्यात शिक्षक भरती थांबली. मग अभियोग्यता चाचणी आली. पहिली डिसेंबर 2017 मध्ये, दुसरी थेट 2023 ला, तिसरी 2025 ला. मधल्या वर्षांत कितीतरी जणींची लग्नं झाली, लेकरं झाली. त्यांनी वाट पाहण्यात घातलेले दिवस कुणी मोजले नाहीत.

अशा मुलीबद्दल घरात एक वाक्य ठरलेलं असतं, ‘ती घरीच तर आहे.’ पाहुणे आले, चहा टाक. आजीला दवाखान्यात ने. कापूस वेचायला बाई कमी पडली, तूच जा. भाऊ मात्र अभ्यासिकेत! नोकरी त्यालाही नाही, पण त्याच्या रिकामपणाला ‘तयारी’ म्हणतात. मला याचाच राग येतो.

वेळ कसा वापरावा हे पोरींना कळतं हो, तो त्यांच्या हाती लागत नाही. म्हणून बचत गटाच्या बैठकीत मी आयांनाच सांगते, रोजचे तीन तास पोरीच्या नावावर करून द्या. चाचणीत 200 प्रश्न आणि 120 मिनिटं असतात. म्हणजे एका प्रश्नाला 36 सेकंद. हा वेग भाजी फोडणीला टाकता टाकता येत नाही, रोज घड्याळ लावून बसावं लागतं. टायपिंगचंही तसंच. लिपिक-टंकलेखक व्हायचं तर मिनिटाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्दांचं प्रमाणपत्र लागतं. गल्लीतल्या चार पोरांची शिकवणी घेतली तर गणित ताजं राहतं, फॉर्मची फीही सुटते.

लग्न झालेल्यांनी आधी कागद काढून पाहावेत. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. पडताळणीची तारीख आली की मग धावपळ! विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रातली नावबदलाची नोंद, अधिवास, लागत असेल तर जात वैधता, ही कामं जाहिरात निघण्याआधीच उरकावीत. तहसीलचे हेलपाटे अभ्यासाच्या तासांतून मात्र वजा करू नका.

परवा एका बाईनं विचारलं, “ताई, तिला तीन तास दिले तर पोळ्या कोण करन?” तिचा मुलगा चोवीस वर्षांचा आहे. चहा छान करतो म्हणे. मी म्हटलं, कणीक भिजवायला त्याला आठवडाभरात शिकवता येईल.