सूर्य तिरपा, मोजमाप आडवे

"इथे कसली आलीय सौरऊर्जा?" असे उत्तर युरोपात राहणारे आपण सहज म्हणून जातो. पुरावा म्हणून वार्षिक आकडा दाखवतो. पण तो बहुधा जमिनीला समांतर ठेवलेल्या पायरॅनोमीटरचा असतो. 21 डिसेंबरला स्टॉकहोममध्ये भरदुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 7 अंश वर येतो. तेव्हा थेट उन्हाचा फक्त आठवा हिस्सा आडव्या पृष्ठभागाच्या वाट्याला येतो. दक्षिणेकडच्या उभ्या भिंतीला मात्र जवळपास सगळे ऊन मिळते. अर्थात दिवसच सहा तासांचा, त्यात ढग; हिवाळ्याची गरज त्यावर भागणार नाही. म्हणूनच एका वार्षिक आकड्यावर होकार देऊ नये आणि नकारही. आपल्या छताच्या उताराचे, महिन्यामहिन्याचे आकडे बघा. युरोपीय आयोगाच्या 'पीव्हीजीआयएस'वर ते फुकट मिळतात.