पाऊस आणि न्यायासन

कायद्याचा आणि पावसाचा संबंध काय, असा प्रश्न आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस पडेल. न्यायाधीशाने हुकूम केला म्हणून मेघ वर्षत नाही, हे खरेच. तथापि लातूरकरांस या प्रश्नाचे उत्तर 2016 च्या उन्हाळ्यात मिळाले. त्या मार्च महिन्यात पाणी भरण्याच्या ठिकाणी पाचांहून अधिक माणसांनी जमू नये, असा जमावबंदीचा हुकूम निघाला. आणि एप्रिलात मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. घागर घेऊन उभ्या राहिलेल्या मातेस कायदा भेटला तो असा, बंदीच्या रूपाने.

तोच कायदा हक्काच्या रूपानेही भेटू शकतो, हे त्याच वर्षी दिसून आले. खोऱ्यातील पाण्याचे समन्यायी वाटप व्हावे, असे महाराष्ट्राचा 2005 चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा सांगतो. नाशिक व नगरकडील धरणांतून जायकवाडीस पाणी सोडण्याचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला, आणि सप्टेंबर 2016 मध्ये खालच्या अंगाच्या लोकांचा वाटा न्यायालयाने मान्य केला. पुढे 21 मार्च 2024 रोजी, माळढोक पक्षी व विजेच्या तारा यांसंबंधीच्या खटल्यात, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असणे हा घटनेच्या 14 व 21 या अनुच्छेदांतून निघणारा हक्क होय, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले.

परंतु हक्क सांगितला म्हणजे तो पदरात पडला, असे नव्हे. 2017 साली उत्तराखंडातील एका नऊ वर्षांच्या मुलीने याच कारणासाठी राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. 2019 साली तिचा अर्ज फेटाळला गेला. हवामानबदलाविषयी स्वतंत्र व सर्वंकष कायदा आपल्या देशात अद्याप झालेला नाही. इकडे ऑगस्ट 2025 मध्ये नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात गावेच्या गावे पुराने वेढली. एकाच प्रदेशाने अवर्षणही सोसावे, अतिवृष्टीही सोसावी, आणि दाद कोणत्या कलमाखाली मागावी हे शोधीत बसावे, हे आम्हांस न्याय्य वाटत नाही. असा कायदा व्हावा, हे आमचे स्पष्ट मत आहे.

मात्र आमचे स्वतःचे हात निर्मळ आहेत काय? महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्याने खोल विहिरींची मर्यादा 60 मीटर धरली आहे, आणि अधिसूचित क्षेत्रांत शेती व उद्योगांसाठी त्याहून खोल खोदण्यास मनाई सांगितली आहे. तरीही कित्येक शिवारांत यंत्र त्याच्या कितीतरी खाली उतरते. शेजाऱ्याची विहीर आटवून आपली भरणारा मनुष्य न्यायासनापुढे कोणत्या तोंडाने उभा राहील?

यास्तव पालकांनी ग्रामसभेत पाण्याचा हिशेब मागावा. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्ही आपल्या गावचा पाऊस व विहिरीची पातळी वहीत नित्य टिपून ठेवावी. न्यायालयास पुरावा लागतो. तुमची ती वही उद्या गावाच्या कामी येईल.