केसपेपरवर कष्टांची नोंद हवी

गर्भवतीला ‘रोज अर्धा तास चाला’ असे सांगणे आपल्या अंगवळणी पडले आहे. सल्ला चुकीचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांतही, काही वैद्यकीय अडचण नसेल तर आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम हालचाल सुचवली आहे. बैठे काम करणाऱ्या, साखर वाढू लागलेल्या गर्भवतीला ती हवीच. मात्र अंबरनाथ पूर्वेच्या ओपीडीत येणाऱ्या प्रत्येकीला हा सल्ला देण्याआधी तिचा दिवस कसा जातो, हे विचारायला हवे.

पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केईएम रुग्णालय संशोधन केंद्राचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 च्या सुमारास मातापोषणाचा अभ्यास सुरू केला. त्यातल्या 797 गर्भवतींच्या कष्टांचा हिशेब डॉ. शोभा राव व सहकाऱ्यांनी 2003 साली मांडला. शेतकाम, पाणी भरणे, घरकाम असे सगळे 18 व्या आणि 28 व्या आठवड्याच्या आसपास नोंदले होते. कष्ट जास्त तिथे बाळाचे सरासरी वजन कमी, डोक्याचा व दंडाचा घेरही कमी, असे दिसले. गर्भकाळ मात्र घटला नव्हता. म्हणजे बाळे दिवस भरूनच जन्मली, पण लहान. या स्त्रियांचे गरोदरपणापूर्वीचे सरासरी वजन जेमतेम 42 किलो होते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. आधीच अपुऱ्या शिदोरीतून कष्टांचा खर्च भागला, तर बाळाच्या वाट्याला कमी उरणार, हे त्याचे संभाव्य कारण आहे.

आपल्याकडे शेत नाही, पण कष्ट आहेत. आनंदनगर एमआयडीसीत पाळीभर उभ्याने काम, उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यांतली शिलाई, गर्दीच्या लोकलमध्ये ठाण्यापर्यंतचा उभ्याचा प्रवास, लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर चढवलेला हंडा. ‘काम काय करता?’ म्हटले की यातली कितीतरीजणी ‘काही नाही, घरीच असते’ म्हणतात. म्हणून नेमके विचारावे: पाणी कोण भरते? सलग किती वेळ उभ्या असता? दुपारी आडव्या होता का? सकाळी किती वाजता आणि काय खाता?

हे प्रश्न आठव्या महिन्यापर्यंत लांबवू नयेत. विसाव्या आठवड्याच्या आतच विचारावेत. पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानाची दर महिन्याची 9 तारीख त्यासाठी सोयीची आहे. कष्ट जास्त, वजन कमी आणि जेवण अपुरे असे तिन्ही जुळले, तर फेरफटक्याऐवजी दुपारची विश्रांती, दूध, हिरवी पालेभाजी आणि फळ लिहून द्यावे. सरसकट पडून राहायला सांगणेही योग्य नाही. त्याने बाळाचे वजन वाढते असा पुरावा नाही. सासूबाई किंवा नवरा सोबत असेल, तर हंडा आता दुसऱ्याने उचलायचा, हे त्यांच्यासमोरच सांगावे. डॉक्टरांचा शब्द घरात मानला जातो.

पुढच्या अभियानदिनापासून केसपेपरवर ‘रोजचे कष्ट’ हा रकाना सुरू करा. रक्तदाब आणि हिमोग्लोबिनच्या शेजारीच त्याची जागा आहे.