ळ कुठे राहतो?

कळवा स्टेशनात पिवळ्या पाटीखाली आम्ही धिम्या लोकलची वाट बघत उभ्या होतो. आमची नात, वय वर्षं साडेचार, मान वर करून म्हणाली, "आजी, तिथे चष्मा काढलाय."

कुठे बाई चष्मा? तिनं बोट दाखवलं तिथे 'कळवा'मधला ळ होता. दोन गोल, शेजारी शेजारी. पन्नासेक वर्षं मी हे अक्षर गिरवतेय, पण त्याचा चष्मा मला कधी दिसला नव्हता.

"तो ळ आहे," मी म्हटलं. "आपल्या कळव्यातला."

"अजून कुठे राहतो तो?"

या प्रश्नाचं उत्तर मध्य रेल्वेनं फुकटात लिहून ठेवलं आहे. सीएसएमटी ते कल्याण या धिम्या मार्गावर ळ पाच ठिकाणी राहतो: भायखळा, चिंचपोकळी, परळ, विक्रोळी आणि कळवा. आम्ही निघालो होतो भायखळ्याला, राणीच्या बागेत. म्हणजे चढताना ळ, उतरताना ळ आणि वाटेत आणखी तीन. वाघ-पेंग्विनांचं आमिष दाखवून मी तिला घराबाहेर काढलं होतं. गाडी ठाण्याच्या पुढे गेली तेव्हा वाघ मागे पडला होता आणि ती खिडकीला नाक लावून ळ शोधत होती.

हे अक्षर मोठं अवघड जागी बसलेलं आहे. मराठीतला एकही शब्द ळ पासून सुरू होत नाही. त्यामुळे क कमळातला, ग गणपतीतला असं म्हणत निघालेला भिंतीवरचा तक्ता शेवटी ळ पाशी येऊन अडखळतो आणि 'ळ बाळातला' म्हणून वेळ मारून नेतो. शब्दाचा पहिला आवाज मुलांना लवकर पकडता येतो. मधला किंवा शेवटचा पकडायला कान तयार व्हावा लागतो. अक्षर डोळ्यांना ओळखू येण्याआधी त्याचा आवाज शब्दातून सोडवून काढता यायला हवा, हे शिशुवर्गाच्या बाईंना पक्कं ठाऊक असतं. आपण घरची माणसं मात्र आधी पाटी-पेन्सिल हातात देऊन बोट धरून गिरवायला बसवतो.

लोकलमध्ये हा कानाचा अभ्यास आपोआप होतो. प्रत्येक स्टेशनाआधी नाव मराठीत येतं, मग हिंदीत, मग इंग्रजीत. 'पुढील स्टेशन विक्रोळी' ऐकून नातीनं टाळी वाजवली. लगेच 'अगला स्टेशन विक्रोली' आलं आणि तिचा चेहरा पडला. "आजी, ती बाई चुकली! ळ विसरली!"

आमच्या समोर एक मावशी मेथी निवडत बसल्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, "हमारे यहाँ तो विक्रोली ही बोलते हैं, बेटा." नातीनं त्यांना ळ म्हणून दाखवायला सांगितलं. मावशींनी प्रयत्न केला, जीभ मागे वळवली, पुन्हा ल आला. कांजूरमार्गपासून घाटकोपरपर्यंत त्या डब्यात चौघीजणी ळ म्हणत होत्या. ल आणि ळ यांतला फरक मी तिला घरी बसून महिनाभर समजावला असता तरी इतका पोचला नसता. परळला 'परळ' आणि 'परेल' असं पुन्हा एकदा झालं, तेव्हा तिनं मावशींकडे बघून नुसतं डोकं हलवलं, जणू दोघींना काही गुपित ठाऊक आहे.

खर्चाचं सांगायचं तर पाच वर्षांखालच्या मुलांना रेल्वेत तिकीट लागत नाही. माझं परतीचं तिकीट दोन वडापावांच्या पैशांत आलं. अट एकच, गर्दीची वेळ टाळायची. सकाळी आठच्या लोकलमध्ये ळ तर सोडाच, स्वतःचा पायही सापडत नाही. साडेअकरानंतर निघा, आणि रविवारी निघणार असाल तर मेगाब्लॉक बघून निघा.

आता माझी फजिती. भायखळ्याला उतरलो, चालत बागेच्या फाटकाशी गेलो आणि फाटक बंद. तो बुधवार होता. राणीची बाग बुधवारी बंद असते, हे मुंबईत जन्म काढलेल्या बाईनं विसरावं याला काय म्हणायचं! नातीचे डोळे भरून आले. तिला कळेना, आत तर माणसं दिसतायत, मग आपल्यालाच का नाही?

"कुणी सांगितलं बंद?"

"तिथे लिहिलंय बघ. बुधवारी बंद."

ती पाटीकडे बघत राहिली. मग जवळ जाऊन तिनं त्या अक्षरांना हात लावला. फाटकावर कुणी रागावलं नव्हतं, पहारेकऱ्यानं हाकललं नव्हतं. नुसती काही अक्षरं होती आणि त्यांच्या सांगण्यावरून आम्ही दोघी बाहेर उभ्या होतो. लिहिलेलं काहीतरी बोलतं, आणि ते बोलणं मोठ्या माणसांनाही ऐकावं लागतं, हे तिला त्या क्षणी उमगलं असावं. रडणं थांबलं आणि पुढचा तासभर दिसेल त्या पाटीपाशी एकच प्रश्न: "ही काय म्हणते?"

आम्ही मग रस्त्यावरच बाग मांडली. भायखळ्याची दुकानं, औषधवाला, सायकलवाला, लाँड्री, इराण्याचा कोपरा. २०२२ साली राज्याच्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली आणि दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत लावणं सगळ्यांना बंधनकारक झालं. शिवाय ही अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. व्यापारी न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईतल्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. त्या वेळी चर्चा झाली ती अस्मितेची. साडेचार वर्षांच्या पोरांसाठी रस्तोरस्ती ठसठशीत अक्षरांची अंकलिपी टांगली जातेय, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. माझ्याही नव्हतं. इंग्रजी नावं देवनागरीत लिहिलेली असतात म्हणून नाक मुरडणाऱ्यांत मीही होते. पण 'केक शॉप' वाचून आत केक आहे हे कळलेल्या मुलीपुढे ते नाक सरळ करावं लागलं.

फ्लेक्सबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. चौकाचौकांत वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि त्याखाली तीस चेहरे. नातीनं विचारलं, "यांचा सगळ्यांचा वाढदिवस आहे?" त्या फ्लेक्समागे बसथांब्याची पाटी झाकली गेली होती, म्हणजे वाचण्याजोगं जे होतं तेच दिसत नव्हतं.

बसवरून आठवलं. मुंबईत गुजराती, तमिळ, मल्याळम बोलणाऱ्या कितीतरी माणसांना मराठी आकडे वाचता येतात ते बेस्टमुळे. बसच्या कपाळावर मराठी आकडा असायचा आणि तो ओळखता आला नाही तर बस निघून जायची. गरज हीच मास्तरीण. आमच्याकडे आता खेळ असा आहे: लांबून बस येताना दिसली की तिचा पहिला आकडा कोण आधी ओळखतं. मला चष्मा लागतो म्हणून मी बहुतेक हरते. मे २०२५ पासून बेस्टचं किमान भाडं साध्या बसला दहा रुपये झालंय, पण थांब्यावर बसून आकडे ओळखायला काहीच पडत नाही.

मुलांच्या वाचनाची काळजी हा आता मोठा धंदा झालाय. तीन वर्षांच्या मुलांसाठी अक्षरओळखीची शिबिरं, फोनवरचे वर्ग, रंगीत कार्डांचे संच. आमच्या सोसायटीच्या गटावर उन्हाळ्यात रोज एक जाहिरात येते. नोकरी करणाऱ्या आईबापांनी पोराला कुठेतरी गुंतवावं यात माझा आक्षेप नाही, त्यांना आमच्यासारखी रिकामी आजी मिळेलच असं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की या वयात जे लागतं ते त्या कार्डांत नसतं. सोबत चालणारं, थांबणारं आणि 'ही काय म्हणते?'ला कंटाळा न करता उत्तर देणारं माणूस लागतं. ते नसेल तर पेंग्विन बघूनही पोर मुकंच घरी येतं.

फिलाडेल्फियात काही संशोधकांनी सुपरमार्केटमध्ये साध्या पाट्या लावून बघितल्या होत्या. भाजीपाशी विचारलेलं, तुझी आवडती भाजी कुठली? २०१५ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कमी उत्पन्नाच्या वस्तीतल्या दुकानांत पाट्या असताना मोठी माणसं मुलांशी जास्त बोलली. सुखवस्तू वस्तीत तसा फरक दिसला नाही. म्हणजे पाटी शिकवत नाही, ती मोठ्या माणसाला बोलायची आठवण करून देते. आपल्या मंडईत तर पाटीचीही गरज नसते. भाजीवाली मावशीच पोराला विचारते, "काय रे, कारलं खातोस का?" आणि वजनकाट्याशेजारी खडूनं लिहिलेला भाव बघत ते उत्तर देतं.

आपल्याकडे हा विचार जुना आहे. ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडच्या भागात बालवाडी मुलांच्या अंगणात नेली, म्हणून ती अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात नेली, ती कुरणशाळा. मूल जिथे आहे तिथे शिक्षण न्यायचं. शहरातलं मूल फुटपाथवर असतं, फलाटावर असतं, बसथांब्यावर असतं.

सार्वजनिक जागांनी थोडं वाकायला मात्र हवं. मुंबईच्या दुसऱ्या टोकाला एका वाचनालयात मी नातीला घेऊन गेले होते. कपाटं कुलपात, बालविभाग बंद, आणि टेबलामागच्या गृहस्थांनी सांगितलं, "वाचता यायला लागलं की आणा." पोहता यायला लागलं की पाण्यात उतरा, म्हणण्यासारखंच हे. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. इतकी जुनी वाचनालयं उशाला असलेल्या शहरांत जमिनीवर एक सतरंजी, चार-दोन चित्रांची पुस्तकं आणि ती फाटतील हे आधीच मान्य करणारा ग्रंथपाल, एवढं मागितलं तर फार होतं का?

पुढच्या मंगळवारी बागेत गेलो. तिकीट माझं पन्नास रुपये, तिचं पंचवीस. पेंग्विन बघितले, वाघ झोपला होता. पण तिचा जीव अडकला तो गोरखचिंचेत. एवढं जाड झाड तिनं कधी बघितलं नव्हतं. झाडाच्या पाटीवरचं नाव वाचायला तिला उचलून घ्यावं लागलं, कारण पाट्या लावणाऱ्यांनी वाचक पाच फुटांचा धरला होता. महापालिकेनं या पाट्या दोन हात खाली आणल्या तर माझी कंबर दुवा देईल. 'गोरखचिंच' हा शब्द मात्र तिनं गोळीसारखा तोंडात घोळवत घरापर्यंत आणला.

त्या बंद बुधवारची एक गोष्ट राहिली. परतताना आम्ही टपाल कार्यालयात शिरलो. पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांना मिळतं, म्हणजे एका रुपयात दोन. काउंटरवरच्या ताईंना ती शोधावी लागली, पण मिळाली. बाकावर बसून नातीनं मजकूर सांगितला आणि मी लिहिला: बाग बंद होती, मावशीला ळ येत नाही, आजी बुधवार विसरली. कार्ड तिनं स्वतःलाच पाठवायचं ठरवलं. पत्त्यातला 'कळवा' लिहिताना मी क लिहून थांबले आणि पेन तिच्या हातात दिलं. तिनं दोन गोल काढले, एक वाटाण्याएवढा, एक लिंबाएवढा. मग पिन कोडच्या सहा चौकटींत सहा आकडे. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली, आणि ती सुचवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतात कविता करायचे. आकड्यांतून नेमका पत्ता सांगणारा माणूस मुळात कवी असावा, हे मला फार आवडतं. नातीला त्याचं काही नव्हतं. तिला कार्ड लाल पेटीच्या तोंडात स्वतः टाकायचं होतं.

मग रोज फाटकाशी वाट बघणं सुरू झालं. सहाव्या दिवशी पोस्टमनकाकांनी कार्ड तिच्याच हातात दिलं. मजकुराकडे तिनं बघितलंही नाही. पत्त्याची बाजू डोळ्यांजवळ नेली आणि तशीच रागानं माझ्याकडे आली.

"आजी, त्यांनी माझ्या ळ वर शिक्का मारलाय."