पाडण्याआधी एकदा धाब्यावर चढा

आपल्या शिकागोतल्या मंडळाच्या कार्यक्रमांत हल्ली मोबाइलवर गावच्या घराचे दोन फोटो दाखवायची पद्धत पडली आहे. पहिल्यात धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर, दुसऱ्यात स्लॅब, काचेची गॅलरी आणि स्टीलचं रेलिंग. सगळे कौतुक करतात आणि त्या कौतुकाचाच त्रास होतो. खानदेशातल्या सोनगीरसारख्या गावातलं धडधाकट घर पाडण्याला सुधारणा म्हणणं मला मान्य नाही. त्यात नुकसानच आहे आणि ते पुष्कळदा आपण इथून पाठवलेल्या पैशातून होतं.

ते घर कसं उभं असतं हे आपल्या लोकांना सांगायला नको, तरी उजळणी करू. सागाचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि त्यांच्यावर पांढऱ्या खाऱ्या मातीचा जाड थर. मे महिन्यात धुळे-जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. दुपारचं ऊन त्या मातीत मुरतं आणि ते खाली पोचेपर्यंत रात्र होते, बाहेर वारा सुटलेला असतो. चार-पाच इंची स्लॅब मात्र संध्याकाळीच तापून निघतो आणि मध्यरात्रीपर्यंत घरात उष्णता ओतत राहतो. मग एसी बसवायचा, आणि वीज गेली की म्हाताऱ्या माणसांनी खाट अंगणात काढायची. इथे शिकागोत हिवाळ्याच्या तोंडावर माळ्यावरचं इन्सुलेशन वाढवायला आपणच डॉलर मोजतो. माती जरा वेगळ्या तऱ्हेनं काम करते, ती उष्णता अडवण्यापेक्षा लांबवते. पण दिवसा भाजणाऱ्या आणि रात्री निवणाऱ्या कोरड्या खानदेशाला नेमकं तेच मानवतं. इथे जे पैसे देऊन घालून घेतो, तेच तिथे पैसे देऊन उकरून टाकतो.

मिशिगन सरोवराच्या काठची श्रीमंत उपनगरं घ्या. जुनी घरं पाडून मोठे बंगले तिथेही उठतात, हे खरं. पण तिथे त्या पाडण्याची गावाला खंत असते. हायलंड पार्कमध्ये घर पाडायचं तर कर भरावा लागतो. ग्लेनकोमध्ये फ्रँक लॉइड राइटच्या १९१३ सालच्या छोट्याशा बूथ कॉटेजवर पाडापाडीची वेळ आली, तेव्हा तिथल्या इतिहास मंडळानं २०२० मध्ये ते घर अख्खं उचलून जवळच्या बागेत नेलं. एरवीही तिथलं पुष्कळसं रीमॉडेलिंग स्वयंपाकघर, न्हाणीघर, वायरिंग आणि खिडक्यांपुरतं असतं, बाहेरचा सांगाडा तोच राहतो. परक्यानं बांधलेल्या शंभर वर्षांच्या विटांचा आपल्याला अभिमान वाटतो आणि पणजोबांच्या सागाबद्दल ठेकेदाराला फोनवर 'सगळं काढून टाका' असं सांगितलं जातं.

यावर घेतले जाणारे आक्षेप पोकळ नाहीत. धाबं गळतं, दर पावसाळ्याआधी माती टाकावी लागते आणि ती टाकणारी माणसं मिळत नाहीत. उधई लागते. आईवडिलांचे गुडघे धरले आहेत, त्यांना घरातच संडास हवा. हे सगळं रास्त आहे, पण यातल्या एकाही गोष्टीसाठी घर पाडावं लागत नाही. संडास-न्हाणी मागच्या पडवीत निघते. किडकी तुळई बदलता येते. मातीखाली पाणी अडवणारा कागद अंथरता येतो. सर्वात गंभीर आक्षेप किल्लारीच्या भूकंपाचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीच्या भिंती आणि वरची जड माळवदं, म्हणजे तिकडची धाबी, कोसळून हजारो माणसं गेली, ते विसरून चालणार नाही. पण त्या भूकंपानंतरच्या सरकारी पुनर्वसनात नव्या वसाहतींबरोबर जुन्या घरांच्या बळकटीकरणाचा कार्यक्रमही होता. वर्षानुवर्षं चढवलेली जादा माती उतरवायची, भिंतीत आरपार दगड घालायचे, खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरके आधार द्यायचे. उपाय माहीत आहेत. जाणत्या अभियंत्याला घर दाखवावं. तो धोक्याचं म्हणाला तर जरूर पाडावं. तिथे माझा हट्ट नाही.

पाडल्यावर तो साग कुठे जातो, तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या सोनगिरात माळ्यावरचे हंडे मोडीत कसे निघतात, ओट्याच्या जागी कंपाउंडची भिंत आल्यावर गल्लीतलं बोलणं कसं आटतं, यावर लिहायला इथे जागा नाही. भावाभावांच्या हिश्शांचा गुंता तर मी मुद्दामच बाजूला ठेवला आहे, कारण तो ज्याचा त्यानंच सोडवायचा.

लिहिता लिहिता सूर उपदेशाचा झाला असेल तर क्षमा असावी. उन्हाळ्यात त्या घरात राहणारे आपले भाऊ-वहिनी आहेत, आपण नाही, तेव्हा शेवटचा शब्द त्यांचाच. पैसे पाठवणाऱ्यानं एकच करावं. ठेकेदाराकडून अंदाजपत्रकं दोन मागवावीत, एक पाडून बांधण्याचं आणि एक दुरुस्तीचं. दोन्ही घरच्यांसमोर ठेवावीत आणि स्लॅबच्या खर्चात पुढच्या दहा उन्हाळ्यांचं वीजबिलही धरावं.