चाकापाशीं गुरु कोण?

पुण्यामुंबईसारख्या शहरांत अलीकडे मातीकामाचे स्टुडिओ निघाले आहेत आणि आपल्या सुशिक्षित वर्गाचा ओढा तिकडे वाढत आहे. आठवडाभर कचेरींत यंत्रापुढें बसलेला तरुण रविवारीं विजेच्या चाकापुढें बसतो. पेन्शनर गृहस्थ, शाळकरी मुलें व गृहिणी एकाच ओट्यावर माती मळतात. ही गोष्ट चांगली आहे. ज्या समाजानें हातानें काम करणाऱ्यास पिढ्यान्‌पिढ्या पायरीखालीं बसविलें, त्याच समाजांतील पदवीधर मंडळी पदरचे पैसे खर्चून चिखलांत हात घालूं लागली, हें कमी नव्हे. तेव्हां या स्टुडिओंची थट्टा करणारांत प्रस्तुत लेखक नाहीं. त्याचें भांडण निराळ्याच गोष्टीशीं आहे.

अशा स्टुडिओंत बहुधा दोन प्रकारचीं माणसें आढळतात: एक शिकविणारीं आणि दुसरीं राबणारीं. शिकविणाऱ्याचें नांव पाटीवर असतें व त्याला 'कलावंत' म्हणतात. राबणाऱ्याला 'मदतनीस' म्हणतात, किंवा नुसतेंच 'मामा'. कोठें कोठें हा मामा जन्मानें कुंभार असतो, आणि कलावंताच्या हाताला माती लागली त्याच्या कितीतरी आधींपासून त्याचे हात चाकावर असतात. या दोघांत एकच गुरु आहे, दुसरा गडी आहे, असें आपण धरून चालतों. हें धरून चालणें खोटें आहे व अन्यायाचें आहे, एवढेंच या लेखांत म्हणावयाचें आहे.

हा मामा करतो तरी काय? शिकाऊ मंडळींनीं बिघडविलेलीं भांडीं तो पाण्यांत भिजत घालतो, तो राडा गाळून त्याची पुन्हां माती करतो आणि ती मळून तयार ठेवतो. सुकत घातलेल्या पेल्यावर ओलें फडकें केव्हां टाकावें व केव्हां काढावें हें तो जाणतो. कारण कान आधीं वाळला आणि अंग ओलें राहिलें, तर कान सुटून येतो. भांड्यांत ओल राहिली तर भट्टींत तिची वाफ होऊन तें फुटतें आणि शेजारच्या भांड्यांनाही घेऊन जातें. म्हणून भट्टी भरण्यापूर्वीं तो भांडें गालाला लावून त्याचा गारवा पाहतो. भट्टी निवत असतां ५७३ अंश सेंटिग्रेडच्या सुमारास मातींतील गारेचे कण एकाएकीं आकसतात, आणि तेव्हां घाई झाली तर भांड्यास तडा जातो. या आकड्यामागील पदार्थविज्ञान त्याला ठाऊक असो वा नसो, भट्टीचें दार केव्हां उघडावयाचें नाहीं हें त्याला पक्कें ठाऊक असतें. ज्याच्या ज्ञानावांचून विद्यार्थ्यांच्या एकाही भांड्याला पक्केपण यावयाचें नाहीं, त्याला मदतनीस म्हणणें हा भाषेचा दुरुपयोग होय.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: "तो कारागीर आहे, कलावंत नव्हे." हा भेद आपण इंग्रजी पुस्तकांतून उचलला, आणि आपल्या जातिभेदाच्या जुन्या भांड्यांत तो असा चपखल बसला कीं परका वाटेनासा झाला. आपल्या परंपरेनें मात्र एक निराळी कथा जपून ठेविली आहे. संतमंडळींत कोणाचें मडकें पक्कें व कोणाचें कच्चें हें ठरविण्याचा अधिकार तिनें गोरोबाकाकांच्या थापटण्याला दिला. आणि कच्चे ठरलेले नामदेव प्रथम रागावले तरी शेवटीं गुरु शोधावयास निघाले. त्या कथेंत परीक्षक कुंभार आहे, हें कीर्तनांत ऐकतांना आपण माना डोलावतों आणि स्टुडिओंत शिरतांना विसरतों.

दुसरा आक्षेप असा: "त्याला काम येत असेल, पण शिकवितां येत नाहीं." ज्यानें आयुष्याचीं पुष्कळ वर्षें कॉलेजांत व्याख्यानें देण्यांत घालविलीं, त्या प्रस्तुत लेखकास एवढें सांगण्याचा अधिकार असावा, कीं व्याख्यान देणें आणि शिकविणें या दोन गोष्टी एक नव्हेत. फिरत्या चाकावर मातीचा गोळा मध्यावर आणण्यास किती दाब द्यावा, हें कोणत्याही भाषेंत सांगतां येत नाहीं. तें शिकाऊच्या हातावर हात ठेवूनच सांगावें लागतें, आणि तें सांगणारा हात ज्याचा, तो शिक्षक.

तिसरा आक्षेप शास्त्राचा: "ग्लेझचें रसायन आणि १२०० अंशांवरील भाजणी कुंभाराला काय ठाऊक?" परंपरागत आव्याची आंच याहून पुष्कळ कमी असते, हें कबूल. पण एका बाजूस शास्त्र व दुसऱ्या बाजूस परंपरा असें असेल तर दोघांनीं एकमेकांपाशीं शिकावें, हाच त्याचा अर्थ होतो. भारतांतील आधुनिक मृत्पात्रकलेच्या इतिहासांत सरदार गुरुचरण सिंग यांचें नांव अग्रभागीं आहे. हे भूस्तरशास्त्राचे पदवीधर. १९१९ सालीं ते जपानला गेले व पुढें १९५२ सालीं त्यांनीं दिल्लींत 'दिल्ली ब्लू' हा कारखाना काढला. या पदवीधरानें दिल्लींत ज्यांच्यापाशीं धडे घेतले ते अब्दुल्ला परंपरागत पठाण कुंभार होते. स्टुडिओंची आपली सारी परंपरा ज्या पुरुषाकडे बोट दाखविते, त्यानें कुंभाराला गुरु केलें; त्याच्या वारसांना मात्र त्याची लाज वाटावी, हें आश्चर्य आहे.

हा दोष केवळ आपलाच आहे असें मात्र नव्हे. जपानांत मातीकाम शिकलेले बर्नार्ड लीच यांनीं १९२० सालीं मित्र हामादा यांच्यासह इंग्लंडांत सेंट आयव्हज येथें कुंभारखाना काढला. जगांतील स्टुडिओंचें तें जणूं तीर्थक्षेत्रच. तेथें १९३८ सालीं विल्यम मार्शल नांवाचा स्थानिक मुलगा शिकाऊ म्हणून लागला व पुढें मुख्य कारागीर झाला. लीच यांच्या उत्तरायुष्यांतील कित्येक मोठीं भांडीं या मार्शलनें चाकावर घडविलीं; आराखडा व वरील चित्र लीच यांचें, आणि जगानें तीं लीच यांचीं म्हणूनच घेतलीं. मार्शलला त्याच्या स्वतःच्या भांड्यांसाठीं निराळी मुद्रा होती, हें खरें. पण या मोठ्या भांड्यांवर त्याचे हात अदृश्यच राहिले. गंमत अशी कीं जपानी विचारवंत यानागी यांचे निबंध 'अनामिक कारागीर' अशा अर्थाच्या नांवानें १९७२ सालीं इंग्रजींत निघाले, ते लीच यांनींच सिद्ध केलेले. अनामिक कारागिराची स्तुति सोपी असते. आपल्याच छपराखालच्या कारागिराला नांव देणें अवघड जातें.

पण तें अशक्य नाहीं, याचा दाखला अमेरिकेंत सांपडतो. न्यू ऑर्लिन्सच्या न्यूकम महिला कॉलेजांत १८९५ सालीं मातीकाम सुरू झालें. तेथें चित्रें काढीत त्या कॉलेजांत शिकलेल्या स्त्रिया, आणि चाकावर भांडें घडवी तो जोसेफ मायर हा पगारी कुंभार. चाक हें स्त्रियांचें काम नव्हे, ही त्या काळची समजूत तेथेंही होती. तरी भांड्याच्या तळाशीं कॉलेजची खूण, चित्र काढणारीचीं आद्याक्षरें आणि बहुधा त्यांच्या जोडीला मायरचींही आद्याक्षरें असत. त्यामुळें आज शंभर वर्षांनंतरही तें भांडें उपडें केलें कीं दोघांची ओळख पटते. एवढी अक्षरें कोरावयास किती वेळ लागतो?

चौथा आक्षेप अधिक विचारी लोकांचा आहे व तो आदरानें ऐकिला पाहिजे. ते म्हणतात, "कुंभाराच्या मुलानें कुंभारच राहावें, असें तर तुम्हांला सुचवावयाचें नाहीं ना?" मुळींच नाहीं. त्याच्या मुलानें डॉक्टर व्हावें, वकील व्हावें, वाटेल तें व्हावें. पण आज जो चाकापाशीं उभा आहे त्याच्या विद्येची किंमत विद्येसारखीच झाली पाहिजे. जुन्या गांवगाड्यांत कुंभार बलुतेदार होता. घागरी-मडकीं, संक्रांतीचीं सुगडें, लग्नांतील ऐरण्या त्यानें पुरवाव्या आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वांटा घ्यावा. त्या व्यवस्थेंत जुलूम पुष्कळ होता व ती गेली हें बरेंच झालें. पण त्या जुलमी व्यवस्थेनेंही त्याचा वांटा मानला होता. आपल्या सुधारलेल्या स्टुडिओंत मानही नाहीं आणि वांटाही नाहीं; ठरलेला पगार तेवढा आहे.

आणि आहे ती धूळ. वर्ग सुटल्यावर केर काढणारा हाच मनुष्य असतो. वाळलेल्या मातींत व ग्लेझच्या पुडींत सिलिकेचे अतिसूक्ष्म कण असतात. कोरड्या झाडूनें ते उडतात, डोळ्यांना न दिसतां तासन्‌तास हवेंत तरंगतात आणि फुप्फुसांत जाऊन बसतात. त्यांच्यापासून होणारा सिलिकोसिस एकदां जडला कीं फुप्फुसें पूर्ववत् करणारें औषध आजही नाहीं. आठवड्यांतून दोन तास येणाऱ्या हौशी विद्यार्थ्याला त्याची भीति फारशी नाहीं. रोज ती धूळ झाडणाऱ्याला आहे. ओल्या फडक्यानें ओटे पुसणें, फरशी पाण्यानें धुणें, आणि पूड कालवितांना योग्य प्रतीची मुखपट्टी देणें, एवढ्यानें पुष्कळ रक्षण होतें. जेथें एवढेंही होत नाहीं, तेथें कलेच्या गोष्टी कोणीं बोलूं नयेत.

शेवटचा आक्षेप पैशाचा. जागेचें भाडें जबर, विजेचें बिल मोठें, आणि शिकविणारी मंडळीही कांहीं श्रीमंत नव्हेत. हें सारें खरें आहे. मग फी वाढवा, आणि कां वाढविली तें पाटीवर लिहा. आपला छंद जर दुसऱ्याच्या अल्प वेतनामुळेंच स्वस्त पडत असेल, तर तो आपल्याला परवडतो असें म्हणण्याचा आपल्याला हक्क नाहीं.

मागण्या फार नाहींत. पाटीवर दोघांचीं नांवें असावींत. फीमध्यें दोघांचा वांटा असावा. आठवड्याचा एक तरी वर्ग मामाच्या हातीं, त्याच्या पद्धतीनें चालावा. आणि झाडू ओला असावा. ज्या पालकांचीं मुलें अशा वर्गांना जातात त्यांनीं फी भरतांना संचालकांस एक प्रश्न अवश्य विचारावा: "येथें माती कोण मळतो, आणि त्याचें नांव काय?" उत्तर देतांना संचालकाला नांव आठवावें लागलें, तर त्या स्टुडिओचें मडकें अजून कच्चें आहे असें खुशाल समजावें.